पित्ताशय काढल्यानंतरचा आहारसल्ला: आमचा अनुभव
पित्तखड्यांमुळे आईचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘तेलकट टाळा’ एवढेच लिहिले होते. त्या धास्तीने तिने वरणभातावरचे तूपही बंद केले. सहा महिन्यांनी तिची हाडे दुखू लागली आणि ड जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर अवघे 11 नॅनोग्रॅम निघाले.

त्यानंतर आमच्या भागातील आहारतज्ज्ञ बाईंकडून घेतलेला सल्ला मला मनापासून आवडला. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते केवळ साठवते, म्हणून ते काढल्यावर पित्त आतड्यात सतत थोडेथोडे उतरते आणि एकदम जड जेवण झेपत नाही, परंतु अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागतेच, हे त्यांनी आईला कागदावर चित्र काढून समजावले. कमतरतेचा सगळा दोष शस्त्रक्रियेवर न टाकता, ती उन्हात किती जाते हेही त्यांनी आवर्जून विचारले. डॉक्टरांनी दिलेली 60,000 युनिटची आठवड्याची गोळी आई आता चमचाभर तूप घातलेल्या वरणभातानंतर लगेच घेते.

वेळ ठरवूनही पाऊण तास ताटकळावे लागले, ही मात्र उणीव आहे. गुडघे दुखणाऱ्या रुग्णांसाठी तिथे पाठ असलेल्या खुर्च्या तरी हव्यात.