समुदायातल्या साक्षरतेवर साहित्य शोधताना: एरिक, युनेस्डॉक आणि कपाटं, काही महिन्यांच्या वापरानंतर

शाळेच्या बाहेर, घरात, कामावर, प्रार्थनास्थळी लोक काय वाचतात, काय लिहितात आणि कशासाठी, या विषयावर मी गेले काही महिने साहित्य जमवतेय. सर्वांत जास्त वापरलं ते एरिक. शिक्षणविषयक साहित्याची ही सूची अमेरिकी शिक्षण विभाग चालवतो. 1966 पासून ती आहे, आणि कुणालाही विनामूल्य वापरता येते.

शोधपेटीत नुसतं 'लिटरसी' टाकलंत तर बालवाचनापासून आर्थिक साक्षरतेपर्यंत सगळं अंगावर येतं. त्यापेक्षा एरिकच्या थिसॉरसमध्ये जा. तिथे 'अ‍ॅडल्ट लिटरसी', 'फॅमिली लिटरसी', 'फंक्शनल लिटरसी' अशी ठरलेली विषयनामं आहेत. एखादा नेमका लेख हाती लागला की त्याच्या नोंदीखालची विषयनामं उचलायची आणि त्यांवरूनच पुढे शोधायचं. माझं बरंचसं काम असंच पुढे सरकलं.

नोंदींचे क्रमांकही बघत चला. 'ईजे'ने सुरू होणारे नियतकालिकांतले लेख. त्यांचा बहुधा गोषवाराच मिळतो. 'ईडी' म्हणजे अहवाल, परिषदांतले निबंध, प्रकल्पांची मूल्यमापनं. यांतल्या बऱ्याच नोंदींना पूर्ण पीडीएफ असते. समुदायावर काम करणाऱ्याला खरा ऐवज मिळतो तो इथेच. वर्गाला कोण आलं, कोण मध्येच सोडून गेलं, मुलं सांभाळायची सोय होती का, हे असले तपशील छापील लेखात क्वचित येतात. म्हणून 'पीअर रिव्ह्यूड ओन्ली'वर, म्हणजे फक्त तज्ज्ञांनी तपासलेलं साहित्य दाखवणाऱ्या चौकटीवर, पहिल्याच झटक्यात टिक करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. ही टिक लागली की बहुतेक अहवाल गळतात.

पण एरिक पडलं शिक्षणाचं. या विषयाचा पाया घालणारं कितीतरी काम मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्रात झालंय. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांचा लायबेरियातल्या वाई लोकांवरचा अभ्यास घ्या; पुस्तक 1981 चं. वाई ही त्यांची स्वतःची लिपी लोक शाळेबाहेर, एकमेकांकडून शिकत; अरबी शिकत ती कुराणाच्या पठणातून आणि इंग्रजी शाळेत. त्यामुळे साक्षरतेचा परिणाम कुठला आणि शाळेचा कुठला, हे वेगळं करून पाहता आलं. 1984 मध्ये ब्रायन स्ट्रीट यांनी इराणमधल्या खेड्यांतल्या अनुभवावरून साक्षरता ही सत्ता आणि समाजाशी बांधलेली असते, हे मांडलं. ही नावं सापडली की त्यांना पुढे कुणी उद्धृत केलंय ते बघत जायचं.

ग्रंथालयातल्या कपाटांपाशीही तीच विखुरलेली गत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत साक्षरता समाजशास्त्राच्या अंगाने 302.2244 ला, प्रौढ साक्षरता 374.0124 ला आणि शासकीय धोरण 379.24 ला. एका कपाटावर भागत नाही. तिन्हीकडे चक्कर मारावी लागते, आणि शेजारची पुस्तकं चाळली की सूचीत न दिसलेलं काहीतरी हमखास हाती येतं.

देशोदेशीच्या मोहिमा आणि धोरणांसाठी युनेस्कोचं युनेस्डॉक हे दस्तऐवजांचं ऑनलाइन भांडार उत्तम आहे, तेही विनामूल्य आणि अनेक भाषांत. आकडे उचलताना मात्र व्याख्या तपासा. 1958 च्या युनेस्कोच्या व्याख्येप्रमाणे रोजच्या जीवनाविषयीचं साधं, छोटं विधान समजून वाचता-लिहिता आलं की माणूस साक्षर. 1978 मध्ये त्यात कार्यात्मक साक्षरतेची, म्हणजे वाचन-लेखन रोजच्या व्यवहारात वापरता येण्याची, भर पडली. शिवाय माहिती घरच्यांना विचारून घेतलीय की प्रत्यक्ष चाचणी घेऊन, यावरही आकडा बदलतो. हे न बघता दोन देशांची तुलना केली तर ती खोटी ठरते.

एका सशुल्क डेटाबेसचं घरून लॉगिन मला सतत दगा देत होतं. तिथे ग्रंथपालांची मदत झाली. त्यांना नुसता विषय न सांगता प्रश्न सांगा: कोणता समाज, कोणतं वय, कोणता काळ. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, हवा तो अंक मागवायचं कामही त्यांच्यामार्फतच होतं, फक्त त्याला वेळ लागतो, तेव्हा मागणी लवकर नोंदवा.