कंपनीचा ईमेल कुठे ठेवायचा? होस्टिंग, गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो आणि स्वतःचा सर्व्हर

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याचे मालक ईमेलबद्दल विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्याला माणशी किती पडतील? मी त्यांना दुसरं काही विचारतो. तुमच्या सेल्सच्या माणसाचा फोन आज चोरीला गेला किंवा त्याने उद्या नोकरी सोडली, तर त्याच्या मेलचं काय होणार? भोसरी-चाकण पट्ट्यात याचं उत्तर फार थोड्यांकडे तयार असतं. ऑर्डर, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, पेमेंटचा तगादा, सगळं आता फोनवर वाचलं जातं आणि तो फोन बहुतेक वेळा कामगाराचा स्वतःचा असतो. म्हणून खाली प्रत्येक पर्याय मी याच प्रश्नावर तपासला आहे.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळणारा मेल

सीपॅनलवर (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलवर) हव्या तितक्या मेलबॉक्स उघडा, वेगळे पैसे नाहीत. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि दोन-तीन माणसांच्या दुकानाला तो चालूनही जातो. अडचण सुरू होते ती पीओपीमुळे, म्हणजे सर्व्हरवरचा मेल एका यंत्रावर उतरवून घेण्याच्या पद्धतीमुळे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक पीओपीने जोडलेलं असतं. ते मेल उतरवून घेतं आणि सेटिंगला कुणी हात लावला नसेल, तर सहसा चौदा दिवसांनी सर्व्हरवरची प्रत काढून टाकतं. त्यामुळे फोनवर महिन्यापूर्वीची परचेस ऑर्डर सापडत नाही, आणि कॉम्प्युटरवरून पाठवलेलं उत्तर तर फोनवर कधीच दिसत नाही. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार आउटलुकच्या एका पीएसटी फाइलमध्ये (मेल साठवायच्या फाइलमध्ये), एका हार्ड डिस्कवर अडकून पडतो. ती डिस्क गेली की सगळंच गेलं.

आयमॅप लावला की मेल सर्व्हरवरच राहतो, प्रत्येक यंत्रावर तोच दिसतो आणि हा गोंधळ मिटतो, पण जागेचा प्रश्न उभा राहतो, कारण मेल आणि वेबसाइट एकाच कोट्यात बसतात. आयफोनच्या मेल ॲपवर अशा खात्याचा मेल लगेच येत नाही, फोन ठरावीक वेळाने जाऊन विचारतो. माणूस गेला तर पासवर्ड बदलणं एवढाच उपाय हातात असतो. त्याच्या फोनवर उतरलेले मेल तसेच राहतात. शिवाय एकाच आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) शेकडो साइट असतात. शेजारच्या साइटवरून स्पॅम गेला की तुमचं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने प्रत्येक पाठवणाऱ्याला किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तपासण्या) बंधनकारक केलं. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि डीमार्कही (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लागतं. होस्टिंगवर हे बसवता येतं, पण ते बसवलेलं मला क्वचितच दिसतं.

हा मेल स्वतःच्या खासगी जीमेलमध्ये पीओपीने ओढून वाचणारे मालकही बरेच आहेत. गूगलने ती सोय २०२६ मध्ये बंद करायला घेतली आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

गूगल वर्कस्पेस की मायक्रोसॉफ्ट ३६५

खरी चुरस या दोघांत आहे. सुरुवातीच्या प्लॅनच्या दरात फारसं अंतर नाही.

फोनच्या बाबतीत गूगल सोपं. अँड्रॉइडवर खातं टाकलं की मेल, कॅलेंडर, संपर्क सगळं आलं. कुणाला काही शिकवावं लागत नाही, आणि जुना मेल शोधण्यात जीमेलचा हात धरणारं कुणी नाही. फोन हरवला तर ॲडमिन कन्सोलमधून त्या फोनवरचं फक्त कंपनीचं खातं पुसता येतं, माणसाचे घरचे फोटो जागेवर राहतात. बिझनेस स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबी मिळतात, पण त्यात ड्राइव्हही आलं, हे लक्षात ठेवा. २५ एमबीच्या वरची फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. मोठ्या वाहन कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये अशा लिंक बऱ्याचदा उघडत नाहीत. डायचं थ्रीडी मॉडेल रोज पाठवणाऱ्यांनी आधी आपल्या ग्राहकाला विचारून घ्यावं.

माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा मात्र मायक्रोसॉफ्ट पुढे आहे. त्याची मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्स करून टाकायची, लायसन्स काढून नव्या माणसाला द्यायचं. ५० जीबीपर्यंत त्या जुन्या मेलबॉक्सचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि नवा माणूस जुना पत्रव्यवहार आपल्या आउटलुकमध्ये वाचतो. परचेस, डिस्पॅच, अकाउंट्स हे सामाईक पत्तेही असेच विनालायसन्स चालतात. दहा माणसं आणि सहा सामाईक पत्ते असलेल्या ऑफिसात यातून चांगले पैसे वाचतात. गूगलवर खातं नुसतं सस्पेंड केलं तर त्याचं बिल चालूच राहतं. डिलीट केलं तर परत आणायला २० दिवसांची मुदत असते, त्यामुळे आधी डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवलेलं नसेल, तर ते राहून जातं.

मायक्रोसॉफ्ट घेताना दोन ठिकाणी सांभाळा. बिझनेस बेसिकमध्ये आउटलुक आणि एक्सेल फक्त ब्राउझरवर आणि फोनवर मिळतात. तुमचे अकाउंटंट दिवसभर डेस्कटॉपच्या एक्सेलमध्ये असतील, तर त्यांना बिझनेस स्टँडर्ड लागेल. सगळ्यांना नको, शॉप फ्लोअरच्या माणसाला बेसिक पुरतो. दुसरं असं की कर्मचाऱ्याने फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये खातं जोडलं असेल, तर चुकीचा पर्याय दाबल्यावर अख्खा फोन पुसला जाऊ शकतो. फोनवर आउटलुक ॲपच वापरायचं, असा नियम पहिल्या दिवशीच करा. मग त्या ॲपमधला कंपनीचा मजकूरच पुसला जातो.

झोहो मेल

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहा यांनी आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून याबद्दलची विचारणा वाढली. चेन्नईची कंपनी, भारतातलं डेटा सेंटर आणि पैसे भरून घ्यायचा सगळ्यात हलका प्लॅन वरच्या दोघांपेक्षा बराच स्वस्त. पाच माणसांपर्यंत फुकट प्लॅनही आहे, पण त्यात आयमॅप आणि पीओपी नाही, म्हणजे झोहोचं ॲप किंवा ब्राउझर, एवढंच. ज्यांचं काम फोनवरच चालतं आणि ज्यांना आउटलुकची सवय नाही, त्यांना मी बिनधास्त झोहो सांगतो. चौघांना वरचा प्लॅन आणि बाकीच्यांना हलका, अशी सरमिसळही करता येते. आउटलुकमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या ऑफिसला मात्र हा बदल जड जातो.

स्वतःचा सर्व्हर

पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही मेल सर्व्हर चालवणारी, फुकट मिळणारी, अतिशय भरवशाची सॉफ्टवेअर आहेत. मला ती मनापासून आवडतात. पण फिक्स आयपी हवा, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून तुमच्या सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लावून घ्यायला इंटरनेटवाल्याच्या मागे लागावं लागतं, आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात तेव्हा यूपीएस किती तास तग धरेल हेही पाहावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मार्च २०२१ मध्ये एक्सचेंजमधल्या त्रुटींमुळे जगभर ज्यांचे सर्व्हर फोडले गेले, त्यांत वेळेवर अपडेट न केलेल्या छोट्या कंपन्या भरपूर होत्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपणं आणि सायबर घटना ६ तासांत कळवणं, ही जबाबदारीही तुमच्याच अंगावर येते. पगारी, पूर्णवेळ सिस्टीम ॲडमिन असलेल्या किंवा ग्राहकाच्या करारात तशी अट असलेल्या संस्थेने यात पडावं. इतरांनी नको.

मी काय घ्यायला सांगेन

पाच-सात माणसं असतील तर झोहो. बाहेर फिरणारी टीम मोठी असेल आणि डेस्कटॉप एक्सेलवर कुणी अडत नसेल, तर गूगल. अकाउंट्स, परचेस आणि क्वालिटी हे विभाग आउटलुकवर चालत असतील, तर मायक्रोसॉफ्ट, बेसिक आणि स्टँडर्ड मिळून. माझ्याकडे येणारे बहुतेक कारखाने या तिसऱ्या गटात बसतात.

काहीही घेतलंत तरी टू-स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्या दिवशी सगळ्यांना सक्तीचं करा. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल तुमच्या नावाने ग्राहकाला जातो, तेव्हा चोर बऱ्याचदा तुमच्याच मेलबॉक्समध्ये बसलेला असतो. ‘इनव्हॉइस’ शब्द असलेला मेल कुणी उघडत नाही अशा एखाद्या फोल्डरमध्ये सरकवण्याचा रूल त्याने लावून ठेवलेला असतो. महिन्यातून एकदा अकाउंट्सच्या मेलबॉक्सचे रूल आणि फॉरवर्डिंग उघडून पाहा.

पैसे भरण्याआधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासा. अनेक ठिकाणी ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर आणि त्याच्याच लॉगिनमध्ये असतं. ते आधी कंपनीकडे घ्या, नाहीतर एमएक्स रेकॉर्ड (तुमचा मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणारी नोंद) बदलायलाही त्याच्याच दारात उभं राहावं लागेल. मग डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद इतरत्र किती वेळ धरून ठेवली जाते ती मुदत) एक दिवस आधी कमी करा, जुने मेल आयमॅपने हलवा आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री एमएक्स फिरवा. पीओपीवाल्यांच्या पीएसटी फाइली वेगळ्या चढवाव्या लागतात, त्यांना वेळ लागतो. जुनं होस्टिंग निदान महिनाभर चालू ठेवा आणि प्रत्येकाने आपला सर्वांत जुना मेल नव्या फोनवर उघडून पाहिल्याशिवाय ते बंद करू नका.