होळकरांचे वाडे: इंदूरचा राजवाडा, लालबाग की महेश्वर?

इंदूरला लग्नकार्याला किंवा कामाला गेलेल्या मराठी माणसाला एक मोकळा दिवस मिळाला की हा प्रश्न पडतोच. तिन्ही वास्तू होळकरांच्याच, पण एकीवरून दुसरीचा अंदाज येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: पूर्ण दिवस हाताशी असेल तर महेश्वर. दोनतीन तासच असतील तर राजवाडा. लालबाग तिसरा.

राजवाडा ऐन बाजारात आहे. नीरेकाठच्या होळ गावातून निघून माळव्याचे धनी झालेल्या मल्हाररावांनी तो अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधायला घेतला. सात मजले, त्यातले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. जळायला सोयीचा, असंच म्हणायचं. 1801 साली शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, तेव्हा त्याला आग लागली. 1984च्या दंगलीत मागची बाजू पुन्हा भस्मसात झाली. आज दिसणारा मागचा भाग अलीकडे उभारलेला आहे. तेव्हा आत फार वेळ घालवू नका. खरा ऐवज समोरच्या दर्शनी भागात आणि त्या थोरल्या दरवाजात आहे. संध्याकाळी जा, म्हणजे पाठीमागच्या सराफ्यात खाणंही उरकता येईल.

लालबाग हे इंग्रजी अमदानीतलं प्रकरण. महिदपूरला इंग्रजांकडून हरल्यावर 1818 मध्ये त्यांच्याशी मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली, आणि लढायांचे दिवस संपलेल्या घराण्याकडे बांधकामाला सवड आली. 1886 ते 1921 असं काम चाललं. फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर, नाचाच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर, स्वयंपाकघर नदीपलीकडे आणि तिथून ताटं यायला भुयार! झुंबरं, रंगवलेली छतं आवडत असतील तर जरूर जा. बडोद्याचा लक्ष्मीविलास पाहून झाला असेल तर मात्र हुकलं तरी हळहळू नका. याच घराण्याचा 1930च्या दशकातला माणिकबाग कलाप्रेमींना खुणावतो, पण तिथे आता सरकारी कचेरी आहे; तो बेतात धरू नका.

महेश्वर इंदूरपासून साधारण 90 किलोमीटर. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 मध्ये डोळे मिटेपर्यंत कारभार पाहिला तो इथूनच. नर्मदेवरच्या किल्ल्याच्या दगडी तटाने दिपून आत जावं, तर वाडा आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या घरासारखा: लाकडी खांबांची ओसरी आणि तिथे बैठी, पांढरीशुभ्र गादी. राजगादी म्हणून एवढंच. पंढरपूर-काशीपर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा बांधणारी बाई स्वतः एवढ्याशा जागेत बसायची, हे वाचून माहीत असतं; पाहिल्यावर पटतं. मातीची छोटी शिवलिंगं करून, पुजून ती नर्मदेत सोडायचा लिंगार्चनाचा रिवाज अजून चालू आहे. तो पाहायचा तर सकाळी पोचा.

पुण्याच्या माणसाने घाटाजवळची विठोजी होळकरांची छत्री चुकवू नये. दुसऱ्या बाजीरावाने 1801 मध्ये त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, आणि छत्रीच्या जोत्यावरही हत्तींचीच रांग कोरलेली आहे. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत भाऊ यशवंतरावांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा धुव्वा उडवला, त्यामागे हे दुखणं होतं. शाळेत आपण ती लढाई पुण्याच्या बाजूने शिकतो. इथे ती उलट्या बाजूने कळते.

किल्ल्याचा एक भाग आता हॉटेल आहे, खिशाला जड. साडी घ्यायची असेल तर दुकानाआधी हातमाग बघा. माहेश्वरीचा काठ कसा विणला जातो ते कळलं की भावाची घासाघीस जरा नरमते. एक अडचण खरी आहे: वाड्यापासून घाटापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्यांना वरच ओसरीत बसवा, किंवा त्या दिवसापुरता लालबागच बरा.