१८६१चा शिक्का आणि माझे ८३,६०० रुपये

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले त्यातला सर्वांत लाजिरवाणा भाग तोच आहे.

पितळी दौती, कलमदाने, टिपकागदाचे ठोकळे, टपाल फोडायच्या सुऱ्या असे लेखनाचे जुने साहित्य जमवण्याचा नाद मला आजोबांच्या दौतीमुळे लागला. ते गावचे कुळकर्णी होते. घुमटासारख्या झाकणाची, मुठीत मावणारी त्यांची दौत आजही माझ्या टेबलावर आहे आणि तिच्या तळाशी वाळलेला काजळी शाईचा थर नखाने खरवडला तर अजूनही निघतो. अशी वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाला नवी वस्तू जुनी म्हणून विकता येणार नाही, असा माझा समज होता.

विक्रेत्याची ओळख समाजमाध्यमावर झाली. जुन्या वाड्यांमधले सामान उचलतो, असे तो सांगत असे. आधी त्याच्याकडून १,८५० रुपयांना कागदावर ठेवायचे वजन घेतले, मग ३,२०० रुपयांना मेजावरची घंटा घेतली. दोन्ही वस्तू सांगितल्याप्रमाणे आल्या आणि मला तर त्या किमतीच्या मानाने स्वस्तच वाटल्या. गळ टाकण्याआधी पाण्यात दाणे टाकतात हे तुम्हांला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होते. पण आपल्यासाठी टाकलेला दाणा हा दाणा वाटत नाही, आपल्या पारखी नजरेला मिळालेली दाद वाटते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने दौतसंचाचे फोटो पाठवले. जड तबक, त्यावर पितळी झाकणांच्या दोन काचेच्या दौती, मध्ये घंटा, पुढे टाक ठेवायची खाच आणि बाजूला टिपकागदाचा अर्धगोल ठोकळा. किंमत ६५,०००. तबकाच्या कडेला शिक्का होता, तो मी फोटो मोठा करून वाचला : ईस्ट इंडिया कंपनी, लंडन, १८६१.

येथेच थांबायला हवे होते. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचा कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिले आहे. पेपर तपासताना हे साल चुकवणाऱ्या मुलांचे गुण कापले आहेत. आणि तोच मी त्या रात्री दिव्याखाली मोबाइल धरून स्वतःला समजावत बसलो, की कंपनी कागदोपत्री १८७४पर्यंत अस्तित्वात होतीच, तेव्हा तिच्या लंडनच्या कचेरीसाठी १८६१मध्ये एखादा संच बनलाही असेल. उलट, इतके आडवे साल कोणी खोटे कशाला कोरेल, असाही युक्तिवाद मीच केला. अडाणी माणसाने नुसते साल पाहून सोडून दिले असते. मला थोडे जास्त येत होते म्हणून मी विक्रेत्याची वकिली करू शकलो. त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही.

तो फक्त एवढेच म्हणाला, "सर, मुंबईचे एक गिऱ्हाईक रविवारी येतंय, पण ही वस्तू तुमच्यासारख्या जाणकाराकडे जावी असं वाटतं." मी त्याच दुपारी २५,००० रुपये पाठवले. व्हिडिओ कॉलवर संच दाखवल्यावर ४०,००० पाठवले. मग पुरातत्त्व खात्याचे प्राचीनतेचे प्रमाणपत्र आणि वाहतुकीचा विमा यांसाठी आणखी १८,६०० रुपये लागतील, असे त्याने सांगितले. एकूण ८३,६००. याला भोळेपणा म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की आधीचे ६५,००० अडकलेले असताना तुम्ही काय केले असते?

त्या प्रमाणपत्राचा कागद मिळाला, त्यावर गोल शिक्काही होता. नंतर कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. १९७२च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार अशी वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षांची असावी लागते आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. म्हणून कोणी शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकत असेल तर प्रमाणपत्राच्या कागदावर भाळू नका, पहिल्याच दिवशी परवान्याचा क्रमांक मागा. परवाना नाही म्हणाला, तर एकतर माणूस खोटा किंवा वस्तू खोटी.

पार्सल आठ दिवसांनी आले. सौ. म्हणाल्या, "अहो, हे एवढं जुनं आहे तर याला रंगाच्या दुकानासारखा वास का येतो?" मी दुर्लक्ष केले. मग दौतीचे झाकण उघडले आणि बिजागरीचे स्क्रू दिसले : डोक्यावर अधिकचे चिन्ह असलेले, आपल्या मिक्सरच्या बुडाला असतात तसे. या फिलिप्स स्क्रूची पेटंटे १९३६ची; १८६१च्या कारागिराकडे एका आडव्या खाचेचेच स्क्रू असत. रॉकेलचा बोळा फिरवला तर शंभर वर्षांचा काळेपणा बोळ्यावर उतरला. फ्रिजवरचे लोहचुंबक तबकाला लावले, ते चिकटून बसले. पितळेला चुंबक चिकटत नाही, म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. व्हिडिओ कॉलवर त्याने सगळे दाखवले होते, पण झाकण उघडून दाखवले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. तुम्ही सांगा. बिजागरी जवळून, तबकाची मागची बाजू, चुंबक लावून. टाळाटाळ झाली की संभाषण बंद.

अशा शोभेच्या वस्तू मुरादाबादेत उघडपणे बनतात आणि नव्या म्हणून विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. अगदी असाच संच मी नंतर एका सजावटीच्या दुकानात पाहिला. किंमत २,८५०.

आता दाद मागण्याविषयी. मी पाच दिवस कोणालाच बोललो नाही, ही माझी चूक. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या मदत क्रमांकावर काही तासांत फोन गेला तरच पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते; माझा फोन गेला तेव्हा खाते रिकामे होते. पण पुढचे काय? बँकेतल्या तरुणाने मान वर न करता सांगितले, की पिन तुम्हीच टाकला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकातले संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे आणि मी तर तिन्ही वेळा खुशीने संमती दिली होती. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर बसल्यावर मला विचारण्यात आले, "गुरुजी, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली?" मी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ सांगितले, पूर्वीचे चारशेवीस. त्यावर साहेब हसले आणि ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगाकडे जा, म्हणाले. ग्राहक आयोगात आपण राहतो तेथेच तक्रार करता येते, ही २०१९च्या कायद्याची मोठी सोय. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि पार्सलवरच्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. पत्ता कोण शोधणार? पोलीस. पोलीस काय म्हणणार? दिवाणी बाब. दोन कचेऱ्यांमध्ये मी सात खेपा घातल्या, प्रत्येक ठिकाणी त्याच कागदांच्या तीन-तीन प्रती दिल्या आणि एका ठिकाणी तर मलाच सुनावण्यात आले, की या वयात कशाला हवेत असले शौक. शौक माझा होता, पैसे माझे होते, चोर मात्र कोणाचाच नव्हता.

विक्रेत्याशी बोलणे झाल्याबरोबर ते जतन करा. त्याने रात्रीतून सगळे संदेश पुसले आणि माझ्याकडे फक्त पैसे पाठवल्याच्या पावत्या उरल्या.

एक गोष्ट सांगायला सर्वांत जड जाते. संच उघडला त्या दिवशी संतापाच्या भरात मी त्याला लांबलचक संदेश पाठवला होता, ज्यात १८५८चा कायदा, राणीचा जाहीरनामा आणि १८६१ हे साल कसे अशक्य आहे, हे सगळे मुद्देसूद लिहिले होते. त्याने तो वाचला, उत्तर दिले नाही. दोन महिन्यांनी वेगळ्या नावाने कोणीतरी तसाच दौतसंच विकायला ठेवलेला दिसला. तेच तबक, तीच घंटा. शिक्का मोठा करून पाहिला. साल १८४१ होते.