नोकरी की कॉन्ट्रॅक्टिंग : राजीनाम्याचे पेपर कधी टाकायचे?

ऐरोलीला आयटीत कायम नोकरी केली, आणि आता काही वर्षं डोंबिवलीच्या घरातून स्वतंत्रपणे कॉन्ट्रॅक्टची कामं घेतो. त्यामुळे आठ-दहा वर्षं अनुभव झालेले ओळखीतले लोक हमखास विचारतात, दोन्हीत बरं काय? पगार आणि रेट यांची तुलना ज्याची त्याला करता येते. माझा हिशोब एवढाच, की वर्षाचे १० महिनेच बिल होणार असं धरायचं. उरलेले दोन सुट्या, आजारपण आणि दोन कामांमधल्या रिकाम्या आठवड्यांत जातात. सीटीसीशी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाशी, तुलना करायची तर हा आकडा घेऊन करा.

लोकलचा त्रास वाचतो हे कारण मी फारसं धरत नाही. कॉन्ट्रॅक्टवरही क्लायंट बीकेसीला किंवा गोरेगावला बोलावतोच.

माझ्या बाबतीत पारडं फिरवलं ते नोटीस पीरियडने, म्हणजे राजीनामा दिल्यावरही कंपनीत काढाव्या लागणाऱ्या दिवसांनी. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो. एका नोकरीतून दुसरीत जाताना ते चालून जातं, कारण पुढची कंपनीही तेवढं थांबायला सरावलेली असते, कधी बाय-आउटही देते, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरते. कॉन्ट्रॅक्ट देणारा क्लायंट थांबत नाही. त्याचं काम अडलेलं असतं, माणूस पुढच्या सोमवारपासून हवा असतो, फार तर पंधरा दिवसांनी. नोकरीत असताना माझ्याकडे अशी कामं चालून आली. तांत्रिक बोलणं छान व्हायचं, रेटही जमायचा, आणि ‘कधीपासून सुरू करू शकाल?’ इथे सगळं संपायचं. नोटीस कमी करून मिळेल का विचारलं, तर ते कंपनीच्या मर्जीवर, आणि मर्जी नव्हती. नोकरी चालू ठेवून रात्री दुसरं काम करावं, तर नेमणूकपत्रात त्याला मनाई. तो मार्ग मी धरला नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

आपण चांगलं काम करतो, कुणाला ते हवंय, पैशांचंही जमलंय, आणि तरी तीन महिने जागचं हलता येत नाही, हे मला फार लागलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये मला आजवर दोन्ही बाजूंनी १५ किंवा ३० दिवसांची नोटीस मिळाली आहे. त्यात असुरक्षितता आहे हे खरं. पण ती दोघांना सारखी आहे, आणि मला ती जास्त मानवते.

या ९० दिवसांमुळे ‘आधी कॉन्ट्रॅक्ट हातात येऊ दे, मग राजीनामा दे’ हा घरच्यांचा सल्ला इथे सहसा लागू पडत नाही. काम हातात नसतानाच राजीनामा द्यावा लागतो आणि खरा शोध नोटीसच्या शेवटच्या महिन्यात सुरू होतो. म्हणून कधी सोडायचं हे येणाऱ्या कामावर ठेवू नका. घरची तयारी कुठवर आली आहे, ते पाहून ठरवा.

त्या तयारीत सगळ्यात आधी गृहकर्ज. नोकरदाराला बँक पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ पाहून कर्ज देते. स्वतंत्र व्यावसायिकाकडे मात्र सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. ठाण्यात किंवा डोंबिवलीत मोठं घर घ्यायचा विचार असेल, तर कर्ज आधी होऊ द्या आणि नोकरी नंतर सोडा. हा क्रम उलटा झाला तर तुमची कमाई वाढलेली असूनही बँक तुम्हाला थांबवते.

दुसरं, आरोग्य विमा. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि तो पगार चालू असताना सरलेला बरा. नवरा किंवा बायको नोकरीत असेल आणि त्यांच्या कव्हरमध्ये सगळे बसत असतील, तर ही चिंता बरीच हलकी होते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर तेवढी होऊ द्या. पीएफला हात लावू नका. आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च, कर्जाच्या हप्त्यांसकट, बाजूला असू द्या.

आता नोकरीच्या बाजूने बोलायचं तर सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे महिनाअखेरीला खात्यात न मागता जमा होणारा पगार. कॉन्ट्रॅक्टमध्ये इन्व्हॉइसच्या मागे लागावं लागतं, आणि मला ते आजही आवडत नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशिरावर व्याज लागतं. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, असा माझा अनुभव आहे.

कराचं थोडक्यात. ठरावीक व्यावसायिकांसाठी ४४एडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकराच्या योजनेत वर्षाच्या एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत ती चालते. तुमचं काम त्यात बसतं का, हे सीएला विचारूनच घ्या. भारतीय क्लायंट बहुधा १० टक्के टीडीएस कापतो आणि जास्तीचे पैसे परताव्यात येतात, तेव्हा हातातली रक्कम त्या बेताने धरा. सेवांची जमा वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आलीच.

घरात कुणाचे मोठे उपचार चालू असतील, किंवा कर्ज व्हायचं असेल, तर वर्षभर नोकरीत थांबण्यात काहीच गैर नाही. मीही तेच सांगेन. पण हे दोन्ही मार्गी लागलं असेल, तर ‘एक अप्रेझल आणखी’ म्हणून थांबू नये असं मला वाटतं. अप्रेझल दरवर्षी येतं आणि ९० दिवस तेवढेच राहतात.

महिना निवडायचा तर माझं मत जानेवारीच्या सुरुवातीला. तेव्हा दिलेली नोटीस एप्रिलच्या तोंडावर संपते. मार्चच्या आसपास मिळणारा व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग, नोटीसमध्ये असतानाही देतात का, हे मात्र आधी पॉलिसीत वाचा. ऑक्टोबरात नोटीस संपेल असं करू नका. शोध सुरू होतो तोवर दिवाळी येते, आणि मग परदेशी क्लायंट नाताळच्या सुट्यांवर जातात. एप्रिलपासून इन्व्हॉइस निघाली तर ते आख्खं आर्थिक वर्ष व्यवसायाचं म्हणून रिटर्नमध्ये दिसतं, आणि पुढे कधी बँकेने दोन वर्षांची रिटर्न्स मागितली की पहिलं वर्ष तिथूनच मोजलं जातं.