डिव्हाइस ट्री की एसीपीआय? स्वतःचा बोर्ड बनवताय तर आधी हे ठरवा

यूएसबीचा माउस लावला की लिनक्सला तो काय आहे ते आपोआप कळतं, पीसीआयचं कार्डसुद्धा स्वतःचा व्हेंडर आयडी न् डिव्हाइस आयडी घेऊनच येतं, तिथे आपल्याला काही लिहून द्यावं लागत नाही. खरा प्रश्न आयटूसी, एसपीआय, यूएआरटी आणि जीपीआयओ अशा बोर्डावरच्या साध्या तारांवर न् पिनांवर जोडलेल्या गोष्टींचा, त्या स्वतःची ओळख सांगत नाहीत. आयटूसी बस स्कॅन केली तर हेक्स ६८ या पत्त्यावर कोणीतरी उत्तर देतंय एवढं कळेल, पण ते डीएस३२३१ घड्याळ आहे की एमपीयू६०५० मोशन सेन्सर हे नुसत्या पत्त्यावरून कळायला मार्ग नाही, दोघांचा पत्ता तोच. मग हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कोणीतरी सांगायलाच लागतं, आणि ते कुठे लिहून ठेवायचं यावर तुमच्या प्रॉडक्टची पुढची कित्येक वर्षांची डोकेदुखी ठरते. पर्याय तीन: कर्नलमधली बोर्ड फाइल, कर्नलला वेगळी दिलेली डिव्हाइस ट्री, किंवा एसीपीआय, म्हणजे फर्मवेअरने (बोर्डावरच्या बूटच्या सॉफ्टवेअरने) दिलेली टेबलं.

बोर्ड फाइलचा पर्याय एका परिच्छेदात संपवतो. पूर्वी एआरएम प्रोसेसरवर प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच एक सी फाइल असायची, त्यात सगळे पत्ते, इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला हाक मारायची सोय), पिना हाताने लिहिलेल्या. बोर्ड वाढले तशा फाइल्स वाढल्या, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, आणि २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचा कर्ता लायनस टॉरवाल्ड्सने एआरएमवाल्यांना याबद्दल जाहीरपणे झापलं. त्यानंतर सगळा मोर्चा डिव्हाइस ट्रीकडे वळला, आणि २०२३ च्या ६.३ कर्नलमधून तर कोणी वापरत नसलेल्या बऱ्याच बोर्ड फाइल्स काढूनच टाकल्या. आज नवीन कामासाठी याचा विचारही करू नका.

आता उरले दोन. डिव्हाइस ट्री आलं ओपन फर्मवेअरमधून, म्हणजे सनच्या स्पार्क मशिन्स आणि पॉवरपीसीवाले जुने मॅक यांच्या घरातून. एसीपीआय इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने १९९६ च्या डिसेंबरात आणलं, २०१३ पासून ते यूईएफआय फोरम या फर्मवेअरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे. दोघांमधला फरक लोक बऱ्याचदा फॉरमॅटचा समजतात, तसं नाहीये. डिव्हाइस ट्री म्हणजे निव्वळ माहिती: इथे ही चिप आहे, हा तिचा पत्ता, ही इंटरप्टची पिन, हा व्होल्टेजचा रेग्युलेटर, हे क्लॉक. त्या माहितीचं काय करायचं ते सगळं कर्नल बघतो. एसीपीआयमध्ये माहितीबरोबर कोडही असतो, एएमएल नावाचा बाइटकोड, जो फर्मवेअर लिहिणाऱ्याने लिहिला आणि तुमचा कर्नल त्याच्या इंटरप्रिटरमध्ये चालवतो. डिव्हाइस चालू करायचंय? कर्नल फक्त पीएस० मेथड बोलावणार, आत कुठली पिन वर गेली, कुठलं क्लॉक सुरू झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे प्रश्न असा की बोर्डाची आतली गुपितं कोणाला माहीत असायला हवीत, कर्नलला की फर्मवेअरला? माझ्या मते निवड इथेच होते, बाकी सगळं यातून निघतं.

तेच घड्याळ घेऊन बघू. डिव्हाइस ट्रीत आयटूसी कंट्रोलरच्या नोडखाली एक छोटा नोड लिहायचा, त्यात कंपॅटिबल (ज्यावरून ड्रायव्हर जुळतो ते नाव) म्हणून 'मॅक्सिम, डीएस३२३१', रेग (पत्ता) म्हणून हेक्स ६८, अलार्मची पिन जोडली असेल तर इंटरप्टची एक ओळ, संपलं. डीटीसी या कंपायलरने कंपाइल केलं की डीटीबी ही बायनरी फाइल तयार, बूटलोडर ती मेमरीत ठेवून पत्ता कर्नलला देतो. रास्पबेरी पायवर तर एवढंही नको, कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरलेची एक ओळ टाकून रीबूट करायचं. आणि कर्नलला नक्की काय मिळालं ते चालू मशीनवर प्रॉक या कर्नलच्या आभासी फोल्डरमधल्या डिव्हाइस-ट्री फोल्डरमध्ये फाइल्ससारखं उघडून बघता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते कारण अर्धं डिबगिंग तिथेच होतं.

हेच घड्याळ इंटेलच्या छोट्या इंडस्ट्रियल बोर्डावर लावायचं तर एसएसडीटी नावाचं जादा टेबल लिहावं लागतं. एएसएल या एसीपीआयच्या भाषेत डिव्हाइस डिक्लेअर करायचं, कुठल्या आयटूसी कंट्रोलरखाली ते त्याच्या पूर्ण पाथसकट, सीआरएस या रिसोर्सच्या यादीत पत्ता आणि स्पीड. आयडी काय द्यायचा हा पुढचा प्रश्न, कारण डीएस३२३१ ला सगळीकडे चालेल असा एसीपीआय आयडी असेलच असं नाही. त्यावर उतारा म्हणजे पीआरपी०००१ हा खास आयडी, तो दिला की लिनक्स डीएसडी या प्रॉपर्टींच्या यादीतली कंपॅटिबल स्ट्रिंग वाचतो आणि डिव्हाइस ट्रीवाला ड्रायव्हरच पकडतो. मग आयएएसएल या कंपायलरने कंपाइल करून ते टेबल इनिटआरडीच्या (बूटच्या वेळी कर्नलबरोबर लोड होणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याच्या) अगदी सुरुवातीला कॉम्प्रेस न केलेल्या आर्काइव्हमध्ये ठेवायचं. सिक्युअर बूटमुळे (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर असं बाहेरून आणलेलं टेबल घेतच नाही, मग बायोसवाल्या कंपनीच्या मागे लागून ते फर्मवेअरमध्येच घालून घ्यायला लागतं, आणि थोडेसेच बोर्ड घेणाऱ्याला ते लोक दाद देतीलच असं नाही.

एवढं वाचून वाटेल की डिव्हाइस ट्रीच घ्यावं. थांबा. समजा तुम्ही सर्व्हर विकताय आणि गिऱ्हाईक त्यावर आज एक डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती), चार वर्षांनी दुसरी, टाकणार आहे. त्याला तुमच्या बोर्डासाठी वेगळा कर्नल, वेगळी डीटीबी शोधायला लावणं चालणार नाही, इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह लावली की मशीन उठलं पाहिजे. इथे एसीपीआय खरंच भारी पडतं, कारण क्लॉक आणि पॉवरची भानगड फर्मवेअरने पोटात घातलेली असते आणि जुना कर्नलसुद्धा नवीन मशीनवर बऱ्यापैकी उठतो. म्हणूनच अँपिअरचे एआरएम सर्व्हर किंवा अ‍ॅमेझॉनचे ग्रॅव्हिटॉन इन्स्टन्स एसीपीआयवर चालतात, आणि लिनक्समध्ये ६४ बिट एआरएमसाठी एसीपीआय २०१५ च्या ४.१ कर्नलपासून आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर डिव्हाइस ट्री पहिल्यापासून होतं, एसीपीआयची सुरुवात २०२३ मध्ये झाली, तीसुद्धा सर्व्हर डोळ्यासमोर ठेवूनच.

पण एसीपीआयचा हा फायदा टेबलं नीट लिहिलेली असली तरच मिळतो. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बघा. त्यांच्यात एसीपीआय टेबलं आहेत, विंडोज त्यावर मस्त चालतं, पण ती लिहिलीत विंडोजमधल्या क्वालकॉमच्या खास ड्रायव्हरला गृहीत धरून, क्लॉक न् पॉवरचा बराचसा हिशेब त्या ड्रायव्हरच्या पोटात. लिनक्सला त्या टेबलांतून पुरेसं काही हाती लागत नाही, म्हणून थिंकपॅड एक्स१३एससारख्या मॉडेलसाठी कर्नलमध्ये वेगळी डीटीएस (डिव्हाइस ट्रीच्या सोर्सची) फाइल लिहायला लागली, आणि हे मॉडेलगणिक करत बसावं लागतं. म्हणजे एसीपीआय आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका, तुमच्या ओएसवर ते कोणी चालवून बघितलंय का ते विचारा.

डिव्हाइस ट्रीचा त्रास वेगळ्या जागी आहे. कंपॅटिबलमध्ये एक अक्षर चुकलं तर एरर येत नाही, ड्रायव्हर नुसता जुळत नाही आणि तुम्ही वायरिंग तपासत बसता. रेग्युलेटर किंवा क्लॉकचा संदर्भ दिला पण त्याचा ड्रायव्हरच कर्नलमध्ये बिल्ड केला नाही, तर डिव्हाइस प्रोबची, म्हणजे ड्रायव्हरने ते सुरू करायची, वाट बघत लटकून राहतं. अशा वेळी डीबगएफएस या कर्नलच्या डिबगिंगच्या फोल्डरमधली डिव्हाइसेस-डिफर्ड फाइल आधी उघडा, कोण कशासाठी अडलंय ते बहुतेकदा तिथेच दिसतं. आणि डीटीबीएस-चेक चालवायचा कंटाळा करू नका, यामल स्कीमाशी (प्रॉपर्टींच्या नियमांच्या फाइलींशी) ताडून ते प्रॉपर्टीच्या चुका बोर्डवर टाकायच्या आधीच पकडतं. दुसरी गोष्ट अपडेटची. जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चालला पाहिजे असा नियम आहे, मेनलाइनमध्ये (लायनसच्या मूळ कर्नलमध्ये) तो बऱ्यापैकी पाळतात, पण चिप कंपनीच्या स्वतःच्या कर्नलवरून मेनलाइनवर येताना प्रॉपर्टीची नावंच बदललेली निघतात. म्हणून डीटीबी कर्नलबरोबर एकाच इमेजमध्ये ठेवा आणि दोन्ही एकत्रच अपडेट करा, फर्मवेअरच्या फ्लॅशमध्ये कोंबून ठेवली तर फील्डमध्ये बदलताना जीव जातो.

तर माझं मत सरळ आहे. बोर्ड तुमचा, कर्नल तुमचा, अपडेट तुम्हीच पाठवणार, म्हणजे डेटा लॉगर, गेटवे, शेतातला पंप कंट्रोलर असलं काही, तर एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह घ्या आणि डोळे झाकून डिव्हाइस ट्री. मशीन तुमचं पण ओएस गिऱ्हाइकाची, तर एसीपीआय, आणि त्यासाठी फर्मवेअर लिहिणारं माणूस पगारावर ठेवायची तयारी. इंटेल-एएमडी आधीच ठरलं असेल तर निवडायला काही उरलंच नाही, एसएसडीटी शिकून घ्या. दोन्ही एकदम देऊ, कर्नल काय ते बघेल, असं मात्र करू नका: ६४ बिट एआरएमवर लिनक्सला दोन्ही मिळाले तर तो आधी डिव्हाइस ट्रीच उचलतो, एसीपीआय हवं असेल तर कमांड लाइनवर तसं बजावून सांगावं लागतं, आणि तुम्ही तासन् तास टेबल सुधारत बसता जे कोणी वाचतच नसतं.

ड्रायव्हरही स्वतःच लिहिणार असाल तर प्रॉपर्टी वाचायला 'ओएफ'ने सुरू होणारी फंक्शन्स वापरू नका, 'डिव्हाइस प्रॉपर्टी'वाली वापरा. तीच ओळ दोन्हीकडे चालते, आणि उद्या सेल्सवाल्यांनी तेच सेन्सर इंटेलच्या बॉक्सवर मागितले तर तुम्हाला फक्त टेबल लिहायचं राहील.