अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांचं परराष्ट्र धोरण: चार संकेतस्थळं तपासून

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभा असलेला माणूस इराण, चीन, युक्रेन, नाटो यांच्याबद्दल नेमकं काय म्हणतो, हे एका जागी दाखवणारी मोफत संकेतस्थळं बरीच आहेत. त्यांतली काउन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स, ऑन द इश्यूज, आय साइड विथ आणि व्होट स्मार्ट ही चार इथे घेतली आहेत. निकाल आधीच सांगायचा तर परराष्ट्र धोरणासाठी पहिला मान काउन्सिलच्या लेखी प्रश्नावलीला, दुसरा ऑन द इश्यूजच्या तारीखवार नोंदींना. ‘तुमचं या उमेदवाराशी इतके टक्के जुळतं’ असं सांगणाऱ्या क्विझ या विषयात फार कच्च्या पडतात.

काउन्सिल ही 1921 पासूनची संस्था. 2020 च्या निवडणुकीसाठी तिने ट्रम्प यांना आव्हान देणाऱ्या उमेदवारांना 12 प्रश्न पाठवले आणि आलेली उत्तरं छापली. इथे हो-नाही नाही, परिच्छेद आहेत. फरक कुठे पडतो ते अफगाणिस्तानच्या प्रश्नावर दिसतं. बायडन यांनी लिहिलं होतं की लढाऊ सैन्य पहिल्याच कार्यकाळात परत आणू. थोडं सैन्य मागे राहिलंच तर ते फक्त दहशतवादविरोधी कारवाईपुरतं असेल. क्विझमध्ये याचं ‘सैन्य माघारी: हो’ एवढंच उरतं. मागे काही ठेवायचं की नाही, खरा वाद तिथेच होता. ऑगस्ट 2021 मध्ये माघार झाली ती पूर्ण झाली, आणि लेखी उत्तर हाताशी असलेल्या वाचकालाच ठरलेल्या आणि घडलेल्या गोष्टींतलं अंतर मोजता आलं.

सौदी अरेबियाबद्दलचं बायडन यांचं उत्तरही असंच मुळातून वाचावं. त्यात दोन गोष्टी होत्या: येमेनमधल्या सौदी युद्धाचा पाठिंबा थांबवणं आणि एकूण संबंधांचा फेरविचार. पहिलीवर फेब्रुवारी 2021 मध्येच घोषणा झाली, पण ती आक्रमक कारवायांच्या मदतीपुरती होती. दुसरी मागे पडल्याचं बायडन जुलै 2022 मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाला भेटीसाठी गेले तेव्हा दिसलं. एका उत्तरातली दोन वाक्यं अशी दोन वाटांनी जातात, म्हणून उत्तराला एकच खूण देऊन मोकळं होता येत नाही.

या प्रश्नावलीच्या उणिवाही लक्षात ठेवाव्यात. तेव्हाचे अध्यक्ष ट्रम्प त्यात नव्हते, म्हणजे तुलनेची अर्धी बाजू दुसरीकडून आणावी लागते. लेखी उत्तरं प्रचारचमूच्या हातून घासूनपुसून येतात आणि त्यावर उलट प्रश्न विचारला जात नाही. ती उमेदवाराच्या वादसभेतल्या बोलण्याशी ताडून पाहावीत.

ऑन द इश्यूजचं बलस्थान म्हणजे तारखा. उमेदवाराचं नाव निवडा, विषय निवडा, आणि भाषणं, वादसभा, मतदान यांतले उतारे एकाखाली एक मिळतात. भूमिका बदललेल्या उमेदवारासाठी याहून सोयीचं काही नाही. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना 2012 मध्ये प्रशांत महासागरी व्यापार करार, म्हणजे टीपीपी, वाखाणला होता. ऑक्टोबर 2015 मध्ये उमेदवार म्हणून त्याला विरोध केला. तारीख नसती तर ही दोन विधानं नुसती परस्परविरोधी वाटली असती. तारखेमुळे बदल केव्हा आणि कोणत्या टप्प्यावर झाला ते कळतं. उतारे मात्र फार आखूड असतात, त्यामुळे ‘पण’ आणि ‘जर’ गळून पडण्याचा धोका आहे. महत्त्वाच्या मुद्द्यावर मूळ भाषणापर्यंत जाच. तिथली 20 प्रश्नांची क्विझ सोडून दिली तरी चालेल: ती वाचकाला सामाजिक आणि आर्थिक अशा दोन अक्षांवर बसवते, आणि तैवानच्या संरक्षणाचा प्रश्न या दोन्हींत बसत नाही.

आय साइड विथ 2012 पासून आहे आणि वापरायला सर्वांत सोपं आहे. हो-नाहीच्या खाली जादा पर्याय उघडतात, ही चांगली सोय. प्रत्येक प्रश्नाला महत्त्व देण्याचा स्लायडरही आहे, तो बहुतेक जण हलवतच नाहीत. मग काय होतं? समजा 40 प्रश्न सोडवले, त्यांतले 35 कर, बंदुका, गर्भपात वगैरे देशांतर्गत आणि 5 परराष्ट्र धोरणाचे. सगळ्यांना सारखंच वजन दिलं, 35 वर एकमत आणि पाचही परराष्ट्र प्रश्नांवर मतभेद असले, तरी जुळणी 87.5 टक्के येईल. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवा, परराष्ट्र धोरणाचा विभाग वेगळा उघडा आणि उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरामागे कोणता आधार दिला आहे ते पाहा. आधार जुना असेल तर ते उत्तर मोजू नका.

व्होट स्मार्ट 1992 पासूनचं. कल्पना उत्तम: उमेदवाराने स्वतः प्रश्नावली भरायची. अडचण अशी की मोठे उमेदवार ती भरत नाहीत. 2008 मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी भरली नाही, तेव्हा संस्थेने त्यांना आपल्या संचालक मंडळावरून काढलं. हा बाणा कौतुकाचा, पण प्रश्नावली कोरी राहिली की उत्तरं जुन्या मतदानावरून आणि विधानांवरून अंदाजाने भरावी लागतात. सिनेटरांच्या मतदानाची नोंद पाहायला मात्र ही जागा जरूर वापरा.

एक छाननी चारही ठिकाणी वाचकालाच करावी लागते: सांगितलेली गोष्ट अध्यक्षाच्या हातात आहे का? निर्बंध, राजदूत परत बोलावणं, तहाच्या दर्जाचा नसलेला करार सोडणं हे त्याला एकट्याला जमतं. 2015 च्या इराण अणुकरारातून ट्रम्प मे 2018 मध्ये असेच बाहेर पडले. तह मंजूर करायला मात्र सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. नाटो सोडण्याची भाषा ऐकली तर 2023 च्या डिसेंबरमधला संरक्षण कायदा आठवावा: सिनेटची दोन तृतीयांश संमती किंवा काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकी संसदेचा) कायदा असल्याशिवाय अध्यक्षाने बाहेर पडू नये असं त्यात आहे. ग्वांतानामोचा लष्करी तुरुंग बंद करण्याचं ओबामांचं आश्वासन काँग्रेसने निधी अडवल्यामुळे अडलं. याउलट पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन लोकांच्या हत्याकांडाला अधिकृतपणे ‘नरसंहार’ म्हणायला कोणाचीच परवानगी लागत नव्हती. ओबामांनी 2008 मध्ये शब्द दिला, आठ वर्षांत पाळला नाही, आणि बायडन यांनी 24 एप्रिल 2021 रोजी ते केलं. पहिल्या प्रकारातलं अपयश आणि दुसऱ्या प्रकारातलं मौन एकाच तराजूत तोलू नये.

पक्षाचा जाहीरनामा पडताळणीसाठी घेणार असाल तर तो केव्हा लिहिला गेला ते आधी पाहा. 2020 मध्ये रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा केलाच नाही. 2024 मध्ये बायडन 21 जुलैला शर्यतीतून बाहेर पडले, तरी डेमोक्रॅटिक पक्षाने ऑगस्टमध्ये संमत केलेल्या मजकुरात त्यांच्याच दुसऱ्या कार्यकाळाची भाषा राहिली होती. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांची भूमिका म्हणून तो उद्धृत करताना सावध राहायला हवं.

शोधताना फक्त ‘परराष्ट्र धोरण’ या शीर्षकाखाली थांबू नका. आयातशुल्क व्यापारात, पॅरिस करार पर्यावरणात, एच-1बी व्हिसा स्थलांतरात आणि संरक्षणखर्च वेगळ्याच कप्प्यात सापडतो.